रेमीचे पंख

“मग मी खोटं बोलायला हवं होतं का, फादर?”

ब्रदर इलियस एका जागी उभा राहीना. सेमिनरीत शिकणारा पोरगा, लवकरच पाद्री व्हायचा. चर्चच्या ओसरीत नुसता इकडून तिकडे चालला होता, आणि झग्याची कड सारखी त्याच्या पायात येत होती.

फादर जोकीम बाकावर बसले होते. मी घंटा वाजवणारा. दोरीपाशी बसून घंटेच्या निरोपाची वाट बघत होतो.

“काय बोललास तू?” फादरनी विचारलं.

“शिकलो तेच. देवदूत देवानं वेगळे घडवले. माणूस मेला म्हणून देवदूत होत नाही. लहान मूलसुद्धा नाही.”

“बरोबर आहे.”

“कारमेलीननं गेलेल्या बाळाला पंख बांधलेत, फादर! नाताळच्या नाटकातले. पुठ्ठ्याला कापूस चिकटवलेले.”

“बरं.”

“मला म्हणाली, ‘ब्रदर, माझा रेमी देवदूत झाला ना?’ मी खरं ते सांगितलं. तर तिनं त्याला पेटीतून उचललं, आत गेली नि कडी लावली. मातीची वेळ होत आली. कुणालाच दार उघडत नाही ती.”

फादर बाकावरून उठले.

आमच्या वसईकडे तान्हं मूल गेलं, की त्याच्या डोक्यावर पांढऱ्या फुलांचा मुकुट ठेवतात. घंटाही सणाची वाजवतात, मरणाची नाही. देवदूत झालं, असं आमची म्हातारी माणसं म्हणत आली. मीही म्हणत आलो. पंख मात्र आजवर कुणी बांधले नव्हते.

“तुम्ही चला,” ब्रदर म्हणाला. “तिला नीट समजावा.”

“चल.”

मीही मागोमाग निघालो.

कारमेलीनच्या अंगणात माणसं खोळंबली होती. रिकामी पेटी ओट्यावर तशीच उघडी. कारमेलीनचा नवरा केळीकडे तोंड करून बसला होता.

तिच्या कातरीनआत्यानं ब्रदरला बघितलं.

“आलास, बाबा? अजून काही शिकवायचं राहिलं का?”

ब्रदरचे कान लाल झाले.

फादर दाराशी गेले. कडी वाजवली नाही. पायरीवर बसले.

“हाक तरी मारा, फादर,” ब्रदर म्हणाला.

फादर बंद दाराकडे बघत राहिले.

“काहीतरी बोला ना...”

“मरणाच्या आदल्या रात्री प्रभू गेथशेमानेच्या बागेत तळमळत होता, तेव्हा त्याला धीर द्यायला देवदूत आला,” फादर हळूच म्हणाले. “काय बोलला तो?”



“...लिहिलेलं नाही,” ब्रदर म्हणाला.

“हं.”

मग ब्रदरही खालच्या पायरीवर बसला.

पुष्कळ वेळ गेला.

कडी निघाली. कारमेलीन उंबऱ्यात उभी होती, बाळ खांद्याशी घट्ट धरलेलं. तिच्या हाताखाली एक पंख दुमडला होता.

“फादर, हा ब्रदर म्हणतो, माझा रेमी देवदूत झाला नाही. तुम्ही सांगा. झाला की नाही?”

“हो म्हणा, फादर,” मागून कातरीनआत्या पुटपुटली. “काय जातं तुमचं?”

ब्रदर मान खाली घालून बसला होता. आता त्यालाही तेच हवं होतं, असं मला वाटलं.

फादर उठले. तिच्याकडे बघितलं.

मान हलवली. नाही.

कारमेलीन एक पाऊल मागे सरली. तिचा मोकळा हात पुन्हा कडीवर गेला...

फादरनी दार धरलं नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आईच्या कडेवरचं मूल घ्यायला करतात तसे.

“देवदूताला आई नसते, बाय.”