बेटाची शर्यत

फार फार पूर्वी, धुक्यात पेंगणाऱ्या एका तळ्याच्या मधोमध छोटंसं बेट होतं. पाणमांजर आणि टिबुकली नावाची चिमुकली पाणपाखरीण त्या बेटासाठी दरवर्षी शर्यत लावत. नियम पाणमांजर ठरवी. ते स्वतः जवळच्या काठावरून निघे आणि टिबुकलीला शेवाळानं भरलेल्या लांबच्या काठावर उभं करी. बेट त्यालाच मिळे, आणि टिबुकलीची अंडी काठावरच्या लाटांत वाहून जात.

एका वर्षी टिबुकली म्हणाली, "पाणमांजरदादा, दोन्ही जागा तूच ठरव. पण मी कुठून निघायचं, ते मी निवडणार."

"निवड की!" पाणमांजर हसलं. मग त्याची नजर शेवाळाच्या काठाकडे गेली. तो आपल्याच वाट्याला आला तर? दोन्ही जागा अगदी सारख्या व्हाव्यात म्हणून पाणमांजर दिवसभर अंतर मोजत, शेवाळ उपसत राहिलं.

टिबुकलीनं एक काठ निवडला आणि शर्यत सुरू झाली. समोरच्या धुक्यातून टिबुकलीच्या पायांचा आवाज जवळ जवळ येऊ लागला. पाणमांजर जीव तोडून पोहू लागलं, आणि त्याला चक्क मजा येऊ लागली. शर्यतीत असं कधीच झालं नव्हतं.

टिबुकली चोचभर आधी पोचली. पाणमांजर धापा टाकत पाण्यावर उताणं पडलं.

"बेट तुझं, टिबुकले," ते म्हणालं. "पण उद्या नुसतंच खेळायला येशील का?"