गढीत गौर आली

रंभाजीराव सरदारांच्या गढीला सात दारं आणि दारागणिक पहारेकरी. वाटसरूंची चीजवस्तूही तिथल्याच खजिन्यात ठेवलेली असे, आणि खजिन्याच्या दाराची किल्ली खुद्द सरदारांच्या कमरेला. धर्मशाळा चालवणारी गोदाक्का एकदा बोलून गेली, "सरकार, एवढं करूनही कुणीही आत शिरेल."

सरदारांचं पित्त खवळलं. "दसऱ्याच्या आत खजिन्यात पाऊल टाकून दाखव. नाहीतर धर्मशाळेला कुलूप!"

भाद्रपदात गौरी आल्या. नदीवरून गौर आणण्याचा मान गावच्या सुवासिनींचा. डोक्यावरून पदर ओढलेली एकजण गौर घेऊन पुढे, बाकीच्या मागे.

"गौर आली!"

"कशाच्या पावलांनी?"

"सोन्याच्या पावलांनी!"

पहारेकरी हात जोडून दारं उघडत गेले. गौरीला सगळं घर दाखवायचं असतं. स्वयंपाकघर झालं, कोठार झालं. शेवटी सरदार भक्तिभावाने गौरीपुढे वाकले आणि कमरेची किल्ली काढून त्यांनी खजिना उघडला.

आत पाऊल टाकून त्या बाईने पदर मागे सारला. गोदाक्का!

"हिला आत सोडलं कुणी?" सरदार गरजले. "सगळ्या पहारेकऱ्यांना आजच्या आज हाकला!"

"हाकला, सरकार," गोदाक्का शांतपणे म्हणाली. "पण या शेवटच्या दारावर पहाऱ्याला कोण होतं?"

सरदार हातातल्या किल्लीकडे बघतच राहिले. मग गौरीपुढे वाकले होते, तसेच गोदाक्कापुढे वाकले.