राजवाड्यातलं पाळणाघर

चिमीने शाईत हात बुडवला आणि महाराजांच्या हुकमावर, नेमका शिक्क्याच्या जागी, पंजा उमटवला. बरं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. हुकूम तसाच परगण्यात गेला आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी तो कपाळाला लावून पाळलासुद्धा. महिन्याभराने ही गोष्ट दौलतराज महाराजांच्या कानावर गेली. झालं! दुसऱ्या दिवसापासून राजवाड्यात तान्ही पोरं आणायला बंदी.

चिमीची आई ठकूबाई दफ्तरखान्यात कागद घोटायची. खळ लावलेला कागद गुळगुळीत दगडाने घासघासून चकचकीत करायचा, तेव्हा कुठे त्यावर कारकुनांचा बोरू सरसर चालायचा. अशा सात बायका, सातही लेकुरवाळ्या. पोर घरी ठेवावं तर सांभाळणार कोण, आणि काम सोडावं तर खायचं काय? बाकीच्या डोळ्यांना पदर लावून बसल्या. ठकूबाई मात्र तडक दरबारात गेली आणि पोरांसाठी राजवाड्यातच एखादी खोली द्या म्हणाली.

महाराज भलते हट्टी. "देतो," ते म्हणाले, "पण खोली तू शोधायची. पोरं तिथे राहिली तरी राज्याचं काम तसूभरही अडता कामा नये. तीन दिवसांत सापडली नाही, तर सातही जणी घरी."

प्रधानजी मिशीत हसले. अशी खोली राजवाड्यात असणार कशी?

ठकूबाईने मुदपाकखाना पाहिला, तिथे पेटत्या चुली. शस्त्रागाराकडे तर तिने बघितलंही नाही. फिरता फिरता एका दालनाच्या दारात मात्र ती थांबली, आत डोकावली आणि गालातल्या गालात हसली.

तिसऱ्या दिवशी महाराजांनी विचारलं, "काय ठकूबाई, सापडली का खोली?"

"सापडली की. पोरं परवापासून तिथेच आहेत. तुमचं काही अडलं का, महाराज?"

महाराज चपापले. प्रधानजींनी डोकं खाजवून सांगितलं, की वसुली, न्यायनिवाडे, टपाल, सगळं सुरळीत झालंय, कुठूनही तक्रार नाही.

"मग चला दाखवते," म्हणत ठकूबाईने सल्लागार मंडळाचं दालन उघडलं.

छताच्या कड्यांना सात झोळ्या. खाली लोडांना टेकलेले सल्लागार. सगळ्यांत वडीलधारे त्र्यंबकपंत झोळीची दोरी ओढत होते आणि त्यांची पगडी कुशीत घेऊन चिमी गाढ झोपली होती.

"पंत! तीन दिवस पोरं इथे, आणि तुम्ही तक्रार केली नाहीत?"

"हळू, महाराज," पंत कुजबुजले. "तक्रार करावी की करू नये, यावर मंडळाची चर्चा चालू आहे."

"पण ही सगळी एकदम निजली कशी?"

"त्यात काय," ठकूबाई म्हणाली, "पंतांनी अहवाल वाचायला घेतला, की एकही पोर जागं राहत नाही."

महाराजांना प्रत्येक दरबारातली आपली डुलकी आठवली आणि ते इतके गडगडून हसले, की सातही पोरं दचकून उठली. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी ठकूबाईला दिलं आणि दालन कायमचं पोरांच्या नावे केलं.

पोरांनी एव्हाना भोकाड पसरलं होतं. त्र्यंबकपंतांनी घसा खाकरला आणि पुढचा अहवाल उघडला.