वाढवणी

एका राज्यात सोने फार होते आणि समाधान मुळीच नव्हते. राजाचे नाव शार्दूलसेन. त्याच्या पणजोबाने सात लढाया जिंकल्या, सात खजिने भरले, सातव्याला कुलूप घातले आणि किल्ली विहिरीत टाकली. का टाकली, एवढे तरी पणतवाने विचारायचे होते. त्याने विहीर उपसून घेतली, किल्ली काढली आणि दार उघडले.

आत सोन्याचा ढीग होता. ढिगावर एक हत्यार पडले होते. वीतभर लांबीचे काळे लोखंड. एका टोकाला अर्धगोल खाच, दुसऱ्या टोकाला हातोडीसारखे बोथट तोंड. मुठीवर चार अक्षरे कोरलेली होती: वाढवणी.

दरबार भरला. राजा म्हणाला, "हे हत्यार कसले, ते सांगा."

सेनापती पुढे झाला. "शत्रूची मान खाचेत धरावी आणि ठेचावी." एका शिपायाची मान धरून पाहिली. ती खाचेत मावेना.

राजसोनार पुढे झाला. "पत्रा ठोकून वाढवायची हातोडी, महाराज." त्याने पत्रा ठोकला. पत्रा फाटला.

मग व्याकरणशास्त्री उठले. "'वाढव' हा धातू, 'णी' हा प्रत्यय. जी वाढवते ती वाढवणी. हिचा स्पर्श ज्याला होईल ते वाढेल." शास्त्रीबुवांना सगळे धातू पाठ होते आणि सगळे प्रत्यय पाठ होते. घरात बायका काय बोलतात, तिकडे कान देण्याची गरज त्यांना आयुष्यात कधी पडली नव्हती.

राजाने हत्यार सोन्याला लावले. ढीग दुप्पट झाला. शास्त्रीबुवांना शाल मिळाली, हत्याराला हळदकुंकू वाहिले आणि त्याची स्थापना राणी मृणालवतीच्या देवघरात झाली. राणीला कोणी काही विचारले नाही.

आणि ज्या क्षणी सोने वाढले, त्याच क्षणी नगरात शंभर बायकांच्या बांगड्या आपोआप तडकल्या, आणि त्यांचे शंभर नवरे होते तिथे दगड झाले. कोणी नांगरावर हात ठेवलेला, कोणी तोंडात घास धरलेला. कासारआळीचा सोनबा बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन चालला होता. त्याचे एक पाऊल हवेतच राहिले.

सोनबाची बायको केवडा. नवरा दगड झाला आहे, मेलेला नाही, असे तिने आळीला बजावले आणि नव्या बांगड्या भरल्या. रोज सकाळी ती त्याच्या अंगावरची धूळ पुसायची आणि मग दुसरी पेटी घेऊन आपण फिरायची. चौथ्या दिवशी राणीला चुडा भरायला ती वाड्यात गेली. देवघराच्या उंबऱ्यातून तिला ते हत्यार दिसले. तिने ते उचलले आणि उजेडात धरले. मुठीच्या फटीत हिरवी काच रुतून बसली होती, पिठासारखी बारीक. खाचेत तिने आपले मनगट ठेवले. नेमके बसले.

तिने ते झटकन मनगटावरून काढले. "राणीसाहेब, हे देवघरात कुणी ठेवलं?"

"महाराजांनी. वाढवणी आहे ती."

"व्हय, वाढवणीच आहे." केवडाने ते जमिनीवर ठेवले आणि हात पदराला पुसले. "आम्ही म्हणतो ती."

राणीने दोन्ही हात पदराखाली घेतले. कोणत्या बाईला ते कळले नसते? सवाष्ण कधी बांगडी फुटली म्हणत नाही. म्हणते, बांगडी वाढली. कुंकू पुसले म्हणत नाही. म्हणते, कुंकू वाढवले. अशुभ ते जिभेवर येऊ नये म्हणून साऱ्या राज्यातल्या बायकांनी एक गोड शब्द पुढे केला होता, आणि तोच शब्द लोखंडावर कोरलेला होता.

तेवढ्यात खिडकीत साळुंकी येऊन बसली आणि माणसासारखे बोलू लागली.

"सातवी लढाई जिंकली तेव्हा राजाचे सातशे शिपाई पडले. सातशे जणींचे चुडे एका दिवसात उतरवायचे होते. बायका हात पुढे करीनात. तेव्हा राजाने हे घडवून घेतले. मनगट खाचेत धरायचे आणि वरून घाव घालायचा. मी त्यांतली शेवटची. माझा बाप मांत्रिक होता, मला मंत्र येत होता. मी शाप दिला की हे हत्यार दोन्ही अर्थांनी वाढवील, आणि शाप फिटेपर्यंत पाखरू होऊन राहिले. धन वाढेल तेव्हा चुडेही वाढतील."

"तोडगा सांग," राणी म्हणाली.

"भर दरबारात एका सवाष्णीने याचे काम उघड्या शब्दांत सांगावे. वाढवणे म्हणू नये. सांगेल तर दगड झालेले सगळे उठतील. पण जी सांगेल, तिचा नवरा कायमचा दगड होईल."

राणीने राजाला सारे सांगितले. नाही म्हटले तरी तिला आशा होती. लग्नाला अकरा वर्षे झाली होती. तिच्या आजारपणात हाच माणूस उशाशी बसला होता. राजाने ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याने खात्री करण्यासाठी हत्यार धान्याच्या कोठाराला लावले. धान्य दुप्पट झाले आणि दोनशे माणसे दगड झाली.

"खरे आहे तुझे," राजा म्हणाला. "पण माणसे पुन्हा जन्मतात. उद्या मी हे माझ्या कपाळाला लावणार. आयुष्य वाढेल."

"आणि नगरातले पुरुष?"

"जेवढे लागतील तेवढे लागतील."

ही बातमी कळल्यावर केवडा घरोघर हिंडली. तीनशे दारांत उभी राहिली. "तुम्ही बोलाल का?" प्रत्येक दारात एकच उत्तर. "दुसरी कुणी बोलली तर माझा उठेल की गं. तिला सांग." केवडा कोणाला बोल लावू शकली नाही, कारण तिच्याही मनात तेच होते. ती सोनबापुढे जाऊन उभी राहिली. त्याच्या दगडी पावलाखाली मुंग्यांनी वारूळ धरले होते. तिने ते पायाने सारखे केले. "मला जमंल असं वाटत न्हाई," ती त्याला म्हणाली आणि ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. तीनशे बायका चौकात उभ्या होत्या आणि तीनशे तोंडे मिटलेली होती. राजा सिंहासनावर बसला. त्याने हत्यार उचलले. केवडा गर्दी सारून पुढे आली. तिने तोंड उघडले. जीभ टाळूला चिकटली. तिने पुन्हा तोंड उघडले आणि एवढेच म्हणू शकली, "महाराज, ही... ही वाढवणी..."

शास्त्रीबुवा हसले. "ते आम्ही केव्हाच सांगितले, बाई."

चिकाचा पडदा बाजूला झाला. राणी बाहेर आली. पदर डोक्यावरून घेतलेला, दोन्ही हातांत केवडानेच भरलेला हिरवा चुडा. ती सिंहासनासमोर उभी राहिली.

"महाराज, ते खाली ठेवा."

"आत जा."

"एकदा मागते. खाली ठेवा."

राजाने हत्यार कपाळाकडे नेले.

"हे बांगड्या फोडायचे हत्यार आहे," राणी म्हणाली. तिचा आवाज चौकापर्यंत ऐकू गेला. "आपल्या पणजोबाने यानेच सातशे विधवांच्या बांगड्या फोडल्या. याला दुसरे काम नाही, दुसरे नाव नाही."

तिच्या हातांतला चुडा एकाच वेळी फुटला. राजाचा हात कपाळापासून चार बोटांवर थांबला आणि तिथेच राहिला. बोटांतले लोखंड गंजाचा भुगा होऊन पायरीवर सांडले. खिडकीतून साळुंकी खाली पडली, आणि जिथे ती पडली तिथे एक अतिवृद्ध बाई मरून पडलेली होती. तिचे डोळे कोणीतरी मिटले.

नगरात तीनशे माणसे हलली. नांगर पुढे सरकला, घास गिळला गेला. सोनबाचे पाऊल जमिनीवर टेकले. पेटी एवढी जड कशी झाली म्हणून तो कुरकुरत घराकडे चालू लागला. वाढलेले सोने आटले, वाढलेले धान्य आटले, आणि जेवढे मुळात होते तेवढे उरले. दगडी राजाला सिंहासनासकट उचलून सातव्या खजिन्यात ठेवले आणि दार बंद केले. मंत्री राणीपुढे आले, त्यांनी मुजरा केला आणि राज्याचा कारभार तिच्या हाती दिला.

दिवस कलायच्या आत केवडा वाड्यात आली. तिला कोणी बोलावले नव्हते. राणी कोऱ्या लुगड्यात बसली होती; मनगटांत काचा रुतल्या होत्या आणि तिने कोणाला हात लावू दिला नव्हता. केवडाने कोमट पाणी घेतले, राणीचा हात मांडीवर ठेवला आणि एकेक काच चिमटीने काढू लागली.

"केवडे," राणी म्हणाली, "सोनबा जेवला का?"

"जेवला, राणीसाहेब. दोन भाकऱ्या जास्तीच्या खाल्ल्या."

तेव्हा कुठे राणी रडली.