माझी ठेवू की तिची

"बाई, माझी ठेवू की नसीमची? एवढंच सांगा."

शार्दूलच्या आवाजात अदब होती, पण वरवरची. उत्तर त्याने मनाशी कधीच पक्कं केलं होतं.

पेंढारकरबाईंनी खुर्ची त्याच्या स्क्रीनजवळ ओढली. कंपनीतल्या निम्म्या लोकांना प्रोग्राम लिहायला त्यांनीच शिकवलं होतं, शार्दूललाही.

हा प्रोग्राम नवजात बाळांच्या औषधाची मात्रा ठरवणारा. संध्याकाळी तो इस्पितळात चालू व्हायचा होता, आणि तिथून फोनवर फोन येत होते. कमी वजनाच्या बाळाची मात्रा निम्मी करणारी एक ओळ नेमकी शार्दूल आणि नसीम, दोघांनीही आपापल्या परीने बदलली होती. त्यामुळे घोडं अडलं होतं. स्क्रीनवर डावीकडे त्याची ओळ, उजवीकडे तिची, आणि वर 'कॉन्फ्लिक्ट' अशी लाल पट्टी.

टीमचा प्रमुख झाल्यापासून शार्दूल नसीमशी कामापुरतंच बोलायचा. आज तेवढंही नाही.

"दोन्ही वाचल्यास?" बाईंनी विचारलं.

"माझी मला पाठ आहे."

"आणि तिची?"



शार्दूलला राग आला. बाईंना समजूतदारपणाच हवा असेल तर तोही दाखवू, असं म्हणून त्याने 'दोन्ही ठेवा'वर क्लिक केलं. लाल पट्टी जाऊन हिरवी आली.

"मिटलं," तो म्हणाला.

बाईंनी त्याला चाचणीसाठी एका बाळाचं वजन टाकायला सांगितलं. सव्वा किलो.

आकडा आला आणि शार्दूलने तो पुन्हा एकदा वाचला. त्याच्या ओळीने मात्रा निम्मी केली होती, आणि तिच्या ओळीने त्या निम्म्याची पुन्हा निम्मी. पाव औषधावर ते बाळ तगलं नसतं.

बाईंनी हात पुढे केला, नर्स इंजेक्शन मागते तसा.

"दे. हीच मात्रा टोचते बाळाला."

शार्दूलची सगळी ऐट कुठल्या कुठे गेली आणि त्याला खरोखरच लाज वाटली. त्याने केलेला बदल मागे घेतला. लाल पट्टी परत आली.

"चुकलो, बाई," तो खालमानेने म्हणाला. "मी हट्टाला पेटलो होतो. माझी ओळ काढतो. नसीमची ठेवू."

त्याला एकदम हलकं वाटलं. आता बाई पाठीवरून हात फिरवतील, असंही वाटून गेलं.

"तिने वजन कुठलं धरलंय? जन्माचं की आजचं?"

"माहीत नाही."

"आणि का धरलंय?"

दोन टेबलं पलीकडे बसलेल्या नसीमने मान वर केली. शार्दूलने तिच्याकडे पाहिलं नाही. फोन पुन्हा वाजू लागला.

बाईंनी तो उचलला नाही.

"मग त्या बाळाच्या आईला मी काय सांगू? तू मोठ्या मनाने माघार घेतलीस म्हणून?"