कणगेवाडीत कणगी का नाही

निसणगडाच्या पायथ्याला कणगेवाडी आहे. बुरडांची वस्ती. सूप मागा, रोवळी मागा, कोंबड्यांचं डालगं मागा, घरोघर मिळेल, आणि हातात घेतल्यावर सोडवणार नाही अशी मिळेल. कणगी मात्र मागू नका. वाडीचं नाव कणगेवाडी, आणि धान्य साठवायची कणगी तिथं औषधालाही सापडायची नाही.

आणखी एक रीत आहे. टोपली हातात देण्याआधी विणणारी बाई विचारते, "ह्यात काय भरणार?" शहरातून आलेल्यांना याचं हसू येतं. कुणी म्हणतं, "तुम्हाला काय करायचंय, आजी?" त्याला टोपली मिळत नाही. कुणी म्हणतं, "शोभेला ठेवणार." त्याला मिळते, पण देणारीचं तोंड कडू झालेलं असतं.

आता मान वर करून गड बघा. पश्चिमेच्या कड्यावर तटाला खिंडार दिसतं. पाहुण्यांना वाटतं, तोफेनं पडलं असेल. पडलेलं नाही, तिथं तट बांधलाच गेला नाही. आणि त्या रिकाम्या जागेच्या बरोबर खाली, कड्याच्या निम्म्यावर, बांबूचं बेट आहे. तिथं माणूस पोचत नाही, शेळीही पोचत नाही. या सगळ्याच्या मागं एकच बाई आहे, असं सांगतात. तिचं नाव भिवरा.

तेव्हा गडावर राज्य कुणाचं होतं, ते वाडीत कुणी सांगत नाही. लक्षात ठेवण्यासारखं नव्हतं, म्हणतात. किल्लेदार होता आणि त्याची वेठ होती, एवढं पुरे. तटाच्या कामावर घाटाखालून, घाटावरून माणसं धरून आणलेली. भिवराचा नवरा सिदू त्यातलाच एक. चुन्याच्या पाट्या वाहायचा. सणासुदीला तेवढा खाली सोडत.

भिवराच्या हाताला तोड नव्हती. तिच्या पाटीतून पाणी गळायला वेळ लागे, अशी घट्ट वीण. वाडीत प्रत्येक घराची टोपलीची कड बांधायची तऱ्हा वेगळी असते. भिवरा बांबूची शेवटची कामटी, म्हणजे पातळ पट्टी, एकदा उलटी पिळून आत खोचायची. तिची टोपली शंभरांत ओळखू यायची, आणि याचा तिला ताठा होता. का नसावा? हातात कसब असेल तर मान खाली कशाला घालायची?

एक दिवस गडावरून हवालदार आला. म्हणाला, "एक कणगी पाहिजे. माणूसभर उंच. वर झाकण, आणि उचलायला दोन्ही अंगांना कान. भिवराच्याच हातची, असं सरकारांनी सांगितलंय."

"वाळली की लिंपून देते," भिवरा म्हणाली.

"लिंपायची नाही."

भिवराच्या कामट्या क्षणभर थांबल्या. कणगी एकदा घरात बसली की जागची हलत नाही, मग तिला कान कशाला? आणि शेणानं लिंपल्याशिवाय कणगीत धान्य टिकतं कुठं? दोन्ही गोष्टी तिला खटकल्या. पण सरकारांनी नाव घेऊन मागितली होती, ते कानाला गोड लागलं. चांगलं काम दिलं तर सिदूच्या पाठीवरचा आसूड हलका होईल, असंही मनात आलं. तिनं काही विचारलं नाही. विणली आणि दिली.

पावसाळा सरल्यावर ती बांबू तोडायला कड्याखालच्या रानात गेली. करवंदीच्या जाळीत तिला आधी कड दिसली. उलटा पीळ. मग कणगी दिसली, आडवी पडलेली. मग आत काय आहे ते दिसलं.

पाथरवट असावा, नखांत दगडाची भुकटी होती. भिवराच्या ओळखीचा नव्हता. ओळखीचा असता तर ती रडली असती आणि रडून मोकळी झाली असती. तो कुणाचा कोण होता, आणि तिनं त्याच्यासाठी कणगी विणली होती. सगळ्यात वाईट म्हणजे, कणगी फुटली नव्हती. एवढ्या उंचावरून आदळूनही तिची वीण कुठं सुटली नव्हती. आतलं माणूस मोडलं होतं, कणगी धड होती.

तिनं त्याच्यावर दगड रचले. कणगी तिथंच जाळली. म्हणे, ओल्या बांबूसारखी ती धुमसत राहिली, लवकर पेट घेईना.

दसऱ्याला सिदू घरी आला. भिवरानं ताट वाढलं आणि समोर बसली.

"तुमाला ठावं होतं?"

सिदूनं घास खाली ठेवला. "कड बघून वळखली. तुला काय सांगू?"

"पण कणगीच का? ढकलायचंच तर तसं ढकलत नाहीत?"

"पळणाऱ्याला तसंच ढकलत होते. पण माणूस तोंडाकडं बघतो, हात जोडतो, पोराबाळांची नावं घेतो. शिपाई मागं सरायला लागले. कणगीत घातलं की तोंड दिसत नाही, भिवरे. मग ते सामान होतं."

सिदूच्या ताटातला भात तसाच गार झाला.

दिवाळी उलटली आणि हवालदार पुन्हा आला. तशीच कणगी, तसेच कान. लिंपायची नाही. भिवरानं हो म्हटलं. वाडीला वाटलं, बाई भ्याली. नवरा वर अडकलेला, नाही म्हणायची सोय कुठं होती? तिनं कणगी विणली, आणि म्हणतात की एवढी देखणी कणगी त्या डोंगरात आधी कुणी पाहिली नव्हती. मग दोन माणसांच्या खांद्यावर ती दिली, आपल्या डोक्यावर शेणमातीची पाटी घेतली आणि गडाची निसण, ती शिडीसारखी उभी वाट, चढून गेली.

तटाचं काम चाललेलं. वेठीची सगळी माणसं तिथं होती, सिदूही होता. कड्याशी एक तरणा पाथरवट बांधून ठेवलेला. पळून जाताना धरला होता.

भिवरानं पाटी उतरवली आणि किल्लेदारासमोर उभी राहिली. "सरकार, ह्यात काय भरणार?"

"धान्य," किल्लेदार म्हणाला.

"मग लिंपून देते." ती खाली बसली, पाटीत हात घातला आणि सगळ्यांदेखत कणगी लिंपायला लागली.

"लिंपायची नाही, सांगितलं होतं ना?"

"धान्य असंल तर लिंपल्याबिगर माझ्या हातची कणगी जात न्हाई. माणूस असंल तर तसं तोंडानं सांगा. ही समदी ऐकू देत."

कुदळी थांबल्या. कुणी कुणाकडं बघेना. किल्लेदाराचं तोंड काळंनिळं झालं. एवढ्या लोकांत त्याला खोटंही बोलता येईना आणि खरंही.

शेवटी तो म्हणाला, "ह्यात तुलाच भरणार."

"बरं झालं सांगितलंत," भिवरा म्हणाली. हाताचं शेण तिनं कणगीच्या अंगाला पुसलं आणि आपल्या पायांनी आत उतरली. झाकण मात्र लावू दिलं नाही.

कान धरायला शिपाई पुढं होईनात. तेव्हा किल्लेदारानं वेठीतली माणसं पुढं ढकलली, त्यात सिदूला मुद्दाम घेतलं. आसूड पाठीवर चालले होते. बाकीच्यांचे हात सुटले. सिदूनं एक कान धरून ठेवला, कणगी कड्याच्या धारेवर कलली, आणि त्याचे पाय मुरमावरून घसरायला लागले.

"अवं, कान सोडा," भिवरा आतून म्हणाली. "खाली जाऊन सांगायला कुनीतरी पायजे."

त्यानं सोडला, असं काही सांगतात. सुटला, असं काही सांगतात. यावर वाडीत कधी वाद घालत नाहीत.

कणगी तळाला पोचली नाही. निम्म्यावर कपारीत अडकली आणि तिथंच राहिली. खाली उतरता येईना, वर ओढता येईना. दोन दिवस कड्यातून आवाज येत होता म्हणे. एकच प्रश्न. मग थांबला. पुढच्या पावसात त्या कपारीत बांबूचा कोंब फुटला.

त्या तरण्या पाथरवटाला त्या दिवशी कुणी ढकललं नाही. कणगी उरली नव्हती, आणि उघड्या तोंडाचं माणूस धरायला एकही शिपाई धजला नाही. तो रातोरात पसार झाला, असं म्हणतात. सिदूही गड उतरून वाडीत आला आणि घडलं ते त्यानं सांगितलं.

किल्लेदारानं वाडीकडं चुन्यासाठी पाट्या मागवल्या. निरोप घेऊन आलेल्या शिपायाला सिदूनंच विचारलं, "ह्यात काय भरणार?"

"चुना."

"चुन्यानं काय बांधणार?"

"तट. कड्यावरचा."

सिदूनं कोयती खाली ठेवली. मग शेजारच्यानं ठेवली, मग सगळ्या वाडीनं. टोपलीवाचून माती हलत नाही, चुना चढत नाही, दगडाची कपरीसुद्धा वर जात नाही. किल्लेदारानं वाडी जाळली. माणसं रानात पांगली, त्यातली कितीतरी पहिल्याच थंडीत मेली. जगलेल्यांनी गडासाठी कामटी उचलली नाही. गड ओस पडल्यावर त्यांची नातवंडं परत आली आणि जळक्या जोत्यांवरच घरं बांधली.

आजही तटाचं ते खिंडार तसंच आहे. आजही कड्यातला बांबू कुणी तोडत नाही, आणि टोपली घ्यायला गेलात तर आधी उत्तर द्यावं लागतं. वाडीचं भात-नाचणी मातीच्या रांजणांत आणि पोत्यांत असतं. रांजण पुरत नाहीत, पोती उंदीर कुरतडतात. दर हिवाळ्यात निम्मं धान्य त्यांच्याच पोटात जातं. मागं एक सरकारी साहेब म्हणाला, "एवढं हातात कसब आहे तुमच्या, एकेक कणगी का विणून घेत नाही?"

विणणारी म्हातारी हातातल्या कामट्यांवरून नजर न उचलता म्हणाली, "खाऊ द्या उंदरांना."