टुब्याचा मुक्काम

“मग तुम्हीच सांगा मास्तर, चूक कुठं झाली?”

दाराशी उजेडात टाकलेल्या बाकड्यावर दाऊदमास्तर बसले होते आणि पोत्यावर ठेवलेल्या टुब्याकडे, बँडमधल्या त्या सगळ्यात मोठ्या पितळी वाद्याकडे, बघत होते. बघत होते म्हणजे तिकडे तोंड करून होते. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. दुसऱ्यानं माणूस कुठला आणि खांब कुठला, एवढंच कळायचं.

“चहा टाक,” ते म्हणाले.

“मला नको.”

“तुला कोण देतंय? मला पाहिजे.”

निवास उठला. स्टोव्ह कुठं, साखरेचा डबा कुठं, हे त्याला विचारावं लागलं नाही. गडहिंग्लजच्या या एका खोलीतच तो घडला होता.

बँडवाल्यांना नवा टुबा परवडत नाही. मोडक्या तीन-चार वाद्यांचे धड तुकडे काढायचे आणि त्यातून वाजणारा एक टुबा उभा करायचा, हा मास्तरांचा आयुष्यभराचा धंदा. तो निवासनं उचलला आणि इचलकरंजीत स्वतःचं दुकान घातलं. हात मास्तरांपेक्षा सफाईदार. डाख देऊन, कथलाचा रस ओतून सांधलेली जागा तो अशी घासायचा, घोटायचा की पितळ एकाच ओघात वाहत गेल्यासारखं दिसे. निवास आवळेचा जोड शोधून दाखवा, असं बँडवाले पैजेवर म्हणत. निवासही म्हणायचा.

मास्तरांनी बशीत चहा ओतला.

“तुझे जोड दिसत नाहीत म्हणतात.”

“लोक म्हणतात.”

“माझंही तेच मत आहे. पण मला तसं दारही दिसत नाही.”

निवास हसला नाही. एरवी हसला असता.

“वाजवून दाखव.”

निवासनं टुबा मांडीवर घेतला. वरचे सूर नीट आले. मधले भरून आले. तो एकेक पायरी खाली उतरत गेला आणि अगदी खालच्या सा वर आला तेव्हा आवाज निघालाच नाही. हवा गेली, पितळ थरथरलं, आणि घास अडकल्यावर माणूस घशातल्या घशात करतो तसा काहीतरी आवाज झाला.

त्यानं पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच.

“बास,” मास्तर म्हणाले. “कुणाकुणाचं आहे यात?”

“मोठं वळण सुझाफोनचं. एक बँड बंद पडला, त्यांच्याकडून घेतलं. व्हॉल्व्ह एका लहान टुब्याचे. तोंडाकडची नळी बॅरिटोनची.”

“आणि कर्णा?”

निवास माऊथपीस पुसत राहिला.

“कर्णा रे?”

“...दादाचा.”

मास्तरांनी बशी खाली ठेवली.

निवासचा थोरला भाऊ सर्जेराव टुबा वाजवायचा. उंच, आडव्या हाडाचा माणूस. टुबा घेऊन चालायला लागला की वरातीतली पोरं आपोआप बाजूला व्हायची. गेल्या वर्षी लग्नाची सुपारी वाजवून परत येताना बँडचा टेम्पो उलटला. सर्जेराव मागं, वाद्यांजवळ बसला होता. टुब्यातलं एवढंच उरलं, वरचा रुंद तोंडाचा कर्णा. तोही दुमडलेला.

“परवा वर्षश्राद्ध आहे,” निवास म्हणाला. “सगळा बँड येणार हाय. वहिनीला सांगून बसलोय, दादाचा टुबा वाजणार म्हणून. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी अंगण सारवून घेतलं तिनं... आता काय सांगू तिला?”

“मला काय सांगतोयस?”

“दुरुस्त करून द्या.”

“तू माझ्यापेक्षा चांगला कारागीर आहेस. तूच म्हणतोस.”

“मास्तर...”

“बरं, बरं. आण इकडं.”

त्यांनी टुबा कुशीत घेतला आणि नखानं टिचक्या मारत निघाले. तोंडाकडच्या नळीवर टिचकी. व्हॉल्व्हच्या खाली टिचकी. मोठ्या वळणावर चार ठिकाणी. पितळ बारीक बोलत होतं, प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं, पण बोलत होतं. वळण जिथं कर्ण्याच्या गळ्याला मिळतं तिथं मास्तरांचं नख पोचलं आणि लाकडावर वाजावं तसं बद्द वाजलं.

मास्तरांनी तिथं अंगठा फिरवला. जोड हाताला लागला नाही.

“काय सफाई आहे,” ते म्हणाले. खरंच मनापासून म्हणाले.

निवासचा चेहरा क्षणभर खुलला.

“कर्णा सरळ बसला होता का वळणावर?”

“थोडा फिरत होता.”

“मग?”

“शिकंज्यात धरला.”

“किती आवळलास?”

“थोडा.”

मास्तरांचा अंगठा जोडावरच थांबला.

“...आटे संपेपर्यंत.”

“आणि मुक्काम?”

निवासनं मान खाली घातली.

मुक्काम ही मास्तरांच्या दुकानातली रीत होती. वेगवेगळ्या वाद्यांचे तुकडे एकत्र आणायचे तर आधी ते वाळूच्या पेटीत नुसते एकमेकांना टेकवून ठेवायचे. डाख नाही, शिकंजा नाही, सुतळीचा वेढासुद्धा नाही. रात्रभर तसेच राहू द्यायचे. सकाळी जो तुकडा जसा कलला असेल तसा धरायचा, फट पडली असेल तिथं कडं घालायचं, आणि मग डाख द्यायचा. आवळून बसवलेलं पितळ ताणात राहतं आणि खालचा सूर धरून ठेवतं, असं मास्तर म्हणत. नव्या पोरांना ही रीत म्हणजे म्हाताऱ्याचा चाळा वाटायची. निवासला वाटली नव्हती. आपल्या दुकानातही तो ती पाळायचा. परक्यांच्या वाद्यांना.

“वेळ नव्हता,” तो म्हणाला.

“वर्ष होतं.”

बाहेरून म्हशी गेल्या. त्यांच्या मागून कुणीतरी शिव्या घालत गेलं. मास्तरांनी त्या आवाजाकडे तोंड वळवलं आणि तो दूर जाईपर्यंत तसेच बसले.

“ठेवला होता,” निवास म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. “पेटीत मांडला होता सगळा. कर्णा वर टेकवला. दिवा बंद करायला गेलो आणि बघितलं, तर... त्या दिवशी रस्त्यावर तसंच पडलं होतं, मास्तर. हे इकडं, ते तिकडं. मला ते सुटं बघवेना. उठलो, शिकंजा लावला आणि डाख देऊन टाकला. सकाळपर्यंत घासत बसलो.”

माणूस गेल्यावर घरातले लोक त्याची खाट लवकर उचलतात, किंवा उचलतच नाहीत. दोन्हींचं कारण एकच असतं. मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि दुकानाच्या खुंटीवर तिची छत्री अजून होती.

“उघडावं लागेल,” शेवटी ते म्हणाले.

“काय?”

“गळ्याचा जोड.”

“नाही.” निवासनं टुबा त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. “दुसरं काही करा. माऊथपीस बदलतो. तोंडाकडची नळी बदलतो. व्हॉल्व्ह पाहिजे तर नवे घालतो.”

“घाल.”

“मग येईल सूर?”

“नाही.”

“परवा कार्य आहे, मास्तर. उघडला आणि परत बसलाच नाही तर?”

“तर नाही बसला.”

“तुमचं काय जातंय म्हणायला?” निवास म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला ते म्हणायला नको होतं असं वाटलं.

मास्तर शांतपणे उठले, चाचपडत फळीपाशी गेले. तिथून गॅसची बत्ती काढली, नळी झटकली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

“मी नाही उघडणार. माझा हात कापतो. बसायचं तर बस, घेऊन जायचं तर इचलकरंजीची गाडी आहे थोड्या वेळात.”

आणि ते परत बाकड्यावर बसून विडी शोधायला लागले. विडी खिशात होती. ते दुसरा खिसा शोधत राहिले.

निवास बराच वेळ टुब्यावर हात ठेवून उभा होता. गाडी आली. कंडक्टरनं दोनदा हाका मारल्या. गाडी गेली.

मग त्यानं बत्ती पेटवली.

ज्योत गळ्यावर फिरवताना तो तोंड बाजूला करत होता, जणू चटका त्यालाच बसत होता. घोटलेलं पितळ आधी काळवंडलं. इतक्या मेहनतीनं लपवलेली रेघ वर आली. मग डाख चकाकला, थेंब होऊन ओघळला, आणि...

टण्ण.

कर्णा उडाल्यासारखा बाजूला झाला. बोटभर सरकला, किंचित डावीकडे कलला, आणि वळणावर नुसता टेकून झुलत राहिला.

निवासनं बत्ती टाकली आणि दोन्ही हातांनी कर्णा धरून पुन्हा जागेवर लोटायला गेला. मास्तर कधी उठले ते कळलं नाही. त्यांनी त्याचं मनगट धरलं. कापणारा हात होता, पण सोडत नव्हता.

“हात भाजतील, लेका.”

“तो सुटला, मास्तर...”

“सुटू दे.”

“मी सरळ बसवला होता त्याला.”

“तू बसवला होतास.” मास्तर त्याचं मनगट तसंच धरून उभे राहिले. “आता तो कुठं जातोय, ते बघ. मला दिसत नाही. मला सांग.”

निवास बघत राहिला. झुलणं हळूहळू कमी झालं.

“डावीकडं,” तो म्हणाला. “डावीकडं कलतोय.”

“आणि?”

“...थोडा मागं.”

“आणि?”

“थांबला.”

मग निवास खाली बसला आणि रडला. वर्षभरात तो कुणापुढं रडला नव्हता. कार्यात, दवाखान्यात, पंचनाम्याला, सगळीकडे तोच धावत होता. मास्तरांनी त्याला गप्प केलं नाही. डबा उघडून स्वतःच चहा टाकला आणि साखर दोनदा घातली.

संध्याकाळी त्यांनी टुब्याचे तुकडे वाळूच्या पेटीत मांडले. वळण, त्याला टेकून कर्णा, खाली व्हॉल्व्ह. सगळं सुटं. पेटीशेजारीच निवासनं चटई अंथरली. मास्तर जेवायला बोलवायला आले, तेव्हा तो वाळूवर हात ठेवून झोपला होता. त्यांनी त्याला उठवलं नाही.

सकाळी फट जिथं होती तिथंच होती, एक बोटभर. निवासनं एका भंगार टुब्याच्या नळीचं कडं कापलं आणि त्या फटीत बसवलं. शिकंजा लागला नाही. कडं आपसूक बसलं. डाख दिला. मग सवयीनं त्याचा हात कानसेकडं गेला. कानस जागेवर नव्हती.

“मास्तर, कानस?”

“असेल कुठंतरी.”

“तुम्ही बसलाय तिच्यावर.”

“मला दिसत नाही.”

“जोड उघडा दिसतोय. कडं वेगळ्या रंगाचं आहे. कर्णा वाकडा आहे. सगळा बँड बघणार, वहिनी बघणार. निवास आवळेनं हे केलं म्हणतील.”

“कुणी केलं?”

निवासनं जोडावरून फडकं फिरवलं.

“फुंक,” मास्तर म्हणाले.

टुबा मांडीवर घेताना त्याला मान थोडी उजवीकडे झुकवावी लागली, नाहीतर कर्ण्याची कड कानशिलाला लागत होती. त्यानं वरून सुरुवात केली. पायरी पायरीनं उतरला. शेवटच्या पायरीआधी थांबला. श्वास घेतला, आणि तो छातीत तसाच धरून राहिला.

निवासनं फुंकलं.

सा आला. रुंद, जाडा, काठाशी थोडा खरबरीत. फळीवरच्या नळ्या किणकिणल्या. समोरच्या पिठाच्या गिरणीतला माणूस दारात येऊन उभा राहिला. निवासनं श्वास संपेपर्यंत सूर धरला. मग टुबा खाली घेतला आणि कर्ण्यात बघत बसला, आत कुणीतरी असावं तसा.

“आला की रे,” गिरणीवाला म्हणाला आणि आत गेला.

निवासनं आणखी एकदा फुंकलं. या वेळी डोळे मिटून. सूर पहिल्यासारखाच, पुरा, सैल, कुठंही न अडकता आला.

त्यानं डोळे उघडले.

“मास्तर...”

“हं.”

“हा दादाचा आवाज नाही.”

“नाही.”

“कर्णा त्याचा आहे. मी स्वतः पोचे काढलेत. तरीपण नाही. दादाचा आवाज मला झोपेतपण कळेल. हा कुणाचा आहे तेच कळत नाही.”

मास्तरांनी बाकड्यावरची चादर उचलली, झटकली, आणि चाचपडत टुब्यावर पांघरली. कर्णा डावीकडे कलला होता. तिकडून चादर आखूड पडली. त्यांनी ती थोडी ओढून घेतली.

“गाडीत शेजारी घेऊन बस,” ते म्हणाले. “ओळख करून घे.”